४८६ वरच्या डॉसची अक्षरं बदलायची आहेत (बाबांना ६ आणि ८ सारखेच दिसतात)

बटणवाला_दादर (धागाकर्ता) · शनिवार, रात्री ११.१०

रामराम मंडळी. दादर पश्चिमेला आमचं शिवणसामानाचं दुकान आहे. बटणं, लेस, अस्तर, हुक, रिळं. गल्ल्यामागे १९९४ साली घेतलेला, डॉसवर चालणारा ४८६ कॉम्प्युटर आहे आणि त्यावर फॉक्सप्रोत (डेटाबेसच्या जुन्या भाषेत) लिहिलेला उधारीचा प्रोग्राम. लिहून देणारा मुलगा केव्हाच परदेशी गेला, सोर्स त्याच्याबरोबर गेला. प्रोग्राम मात्र एक दिवसही रुसलेला नाही.

बाबा आता ७७ वर्षांचे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झालेत, पण जवळचं बारीक वाचताना अजून फसतात. परवा ब्लाउज शिवणाऱ्या एका बाईंच्या खात्यावर ३८०० होते (पडद्यावर आकडे इंग्रजी), ते ३६०० वाचून दोनशे कमी घेतले. बाई प्रामाणिक, हिशेब जुळेना म्हणून स्वतःच येऊन देऊन गेल्या. बाबांना पैशांचं काही नाही, चुकल्याचं लागलं. त्या दिवशी जेवले नाहीत नीट.

तर प्रश्न असा: विंडोजमध्ये फॉन्ट बदलतो तसा डॉसच्या काळ्या पडद्यावरचा बदलता येतो का? मॉनिटर १४ इंची, डबा. नवा लॅपटॉप सुचवू नका. दोन घेऊन झालेत, दोन्हींवर भाचे गेम खेळतात.

चिंगीची_आई · शनिवार, रात्री ११.२५

आधी ब्राइटनेस थोडा कमी करून बघा हो. माझ्या सासऱ्यांना ऑपरेशननंतर पांढऱ्या अक्षरांभोवती धुकं दिसायचं. अक्षर पिसारलं की ६ चं पोट भरून ८ होतो.

क्लाउडकाका · शनिवार, रात्री ११.४०

डॉसबॉक्समध्ये (नव्या मशीनवर जुने डॉस प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) टाका. खिडकी हवी तेवढी मोठी करा, विषय संपला. ४८६ भंगारात द्या.

बटणवाला_दादर · रविवार, सकाळी ८.०५

@चिंगीची_आई, केलं. खरंच थोडा फरक पडला, आभार.

@क्लाउडकाका, हे करून बसलोय. डॉसबॉक्समध्ये प्रोग्राम पळतो, पण डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पॅरलल पोर्टवर आहे आणि नव्या मशीनला तो पोर्टच नाही. शिवाय बाबांची बोटं त्याच कळफलकावर बसलीत. एफ ४ दाबून एंटर, एंटर, तीन बाण खाली. बघतसुद्धा नाहीत.

जुनं_ते_सोनं · रविवार, सकाळी ९.३०

मोड कमांडनं ४० कॉलम करा. अक्षर दुप्पट रुंद होतं.

ठिपकेबहाद्दर · रविवार, सकाळी १०.१५

४० कॉलम चालणार नाही हो. प्रोग्राम ८० कॉलम धरून लिहिलेला असणार. निम्मा पडदा उजवीकडे लोकलच्या दाराबाहेर लटकल्यासारखा राहील आणि रक्कम नेमकी तिथेच असते.

धागाकर्ते, आधी पडद्याचं कार्ड (मशीनमधून मॉनिटरला चित्र पाठवतं ते) कुठलं ते सांगा, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. आयबीएमची पहिली दोन कार्डं, एमडीए आणि सीजीए, १९८१ ची. त्यांत प्रत्येक अक्षराचे ठिपके एका रॉम चिपमध्ये कायमचे कोरलेले. टेक्स्ट मोडमध्ये तिथलं अक्षर सॉफ्टवेअरनं हलत नाही. १९८४ च्या ईजीएपासून प्रकार बदलला. रॉममध्ये नमुना असतोच, पण मशीन सुरू होताना बायॉस (मशीनमध्येच कोरलेला मूळ प्रोग्राम) त्याची नक्कल कार्डाच्या मेमरीत उतरवतं आणि पडद्यावर दिसते ती ही नक्कल. १९८७ च्या व्हीजीएमध्येही तेच. ती नक्कल पुसून तिथे स्वतःची अक्षरं बसवता येतात. काही बिनसलं तर मशीन बंद करून चालू करा, मूळची अक्षरं जागेवर. म्हणजे हात भाजायची भीती नाही.

मॉनिटरची केबल काढून पिना मोजा. १५ असतील तर व्हीजीए. ९ असतील तर बसून बोलू.

सोल्डरराव · रविवार, सकाळी ११.००

९ पिना निघाल्या तर मला हाक मारा. 

कॉलेजात असताना माझ्याकडे हर्क्युलिस या जुन्या पडदा-कार्डाची नक्कल असलेलं कार्ड होतं. अक्षरांची चिप सॉकेटमध्ये बसवलेली, सोल्डर केलेली नव्हती, एवढंच नशीब. लॅमिंग्टन रोडला (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावानं विचारलं तर दुकानदारही गोंधळतो) एका पोटमाळ्यावर ईप्रॉम जाळून देणारा माणूस बसायचा. पाठीवर काचेची खिडकी असलेली चिप. अल्ट्राव्हायलेट दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवली की कोरी, मग नवीन भरायची. पहिल्या फेरीत मी मोजायला चुकलो आणि सगळी अक्षरं एक ओळ खाली सरकली. 'जी'चं शेपूट कापलं जाऊन यादीतल्या पुढच्या अक्षराच्या डोक्यावर टोपीसारखं बसलं. पुन्हा ग्रँट रोड, पुन्हा तो जिना.

ईजीए-व्हीजीएवाल्यांनी हे सुख पाहिलंच नाही.

बटणवाला_दादर · रविवार, दुपारी १.२०

१५ पिना! कार्डावर धूळ इतकी की चिपचं नाव वाचायला ब्रश घ्यावा लागला. बाबा मागे उभे राहून विचारतायत, "चालू होईल ना परत?"

ठिपकेबहाद्दर · रविवार, दुपारी ४.४५

होईल, बाबांना सांगा.

आता मुद्द्याचं. व्हीजीएच्या ८० बाय २५ पडद्यावर एका अक्षराचा नमुना ८ ठिपके रुंद आणि १६ ओळी उंच असतो. एक ओळ म्हणजे एक बाइट, म्हणून एक अक्षर १६ बाइटांत मावतं आणि २५६ अक्षरांचा पूर्ण संच ४०९६ बाइटांत. चौकटींची वही घ्या आणि पेन्सिलीनं चौकोन भरत जा. डावीकडचा पहिला चौकोन १२८, मग ६४, ३२, १६, ८, ४, २, १. भरलेल्या चौकोनांची बेरीज म्हणजे त्या ओळीचा बाइट.

भरायचं काम बायॉसचं इंटरप्ट हेक्स १० (बायॉसला पडद्याचं काम सांगायची हाक; हेक्स म्हणजे १६ च्या पायावरची मोजणी) करतं. प्रोसेसरच्या खणांत असं भरायचं: एएक्समध्ये हेक्स ११००, बीएचमध्ये उंची १६, बीएलमध्ये शून्य, सीएक्समध्ये किती अक्षरं, डीएक्समध्ये कुठल्या क्रमांकापासून आणि ईएस-बीपीमध्ये तुमच्या बाइटांचा पत्ता. डॉसबरोबर येणाऱ्या डीबग या छोट्या प्रोग्राममध्ये बसून वीस-पंचवीस बाइटांचा प्रोग्राम होतो. सगळी २५६ अक्षरं काढायची गरज नाही. तुमचं दुखणं आकड्यांचं आहे ना? आकडे ४८ पासून ५७ पर्यंत. फक्त दहा. १६० बाइट.

बाजारात तयार फॉन्ट आणि एडिटर ढिगानं आहेत, पण बाबांच्या डोळ्यांचं माप फक्त तुमच्याकडे आहे.

पार्लेकरीण · रविवार, संध्या. ६.१०

एक वेडा विचार. बाबा वहीत उधारी मांडायचे तेव्हा आकडे मराठीत लिहायचे का? मग ४८ ते ५७ च्या जागी सरळ मराठी आकडेच काढा ना. प्रोग्रामला काय कळतंय, तो आपला ५४ नंबर पाठवतोय. पडद्यावर ६ दिसो नाहीतर मोर दिसो.

ठिपकेबहाद्दर · रविवार, संध्या. ६.१५

दंडवत घ्या! हे मला सुचायला हवं होतं.

बटणवाला_दादर · रविवार, रात्री ९.००

बाबा १९९४ पर्यंत लाल कापडाच्या बांधणीची वही लिहायचे, सगळी मराठी आकड्यांत. विचारलं तर म्हणाले, "इंग्रजी आकडे माझ्यासाठी पाहुणे आहेत. ओळखतो, पण घरचे नाहीत." चौकटींची वही आणायला निघालोय.

बटणवाला_दादर · मंगळवार, रात्री १२.३०

घात झाला. हसू नका.

दहा आकडे काढले, डीबगमध्ये भरले, चालवला. झालं! बाबांना बोलावलं. शिंदेबाईंचं खातं उघडलं, तिथे ३६ रुपयांची एक नोंद आहे, रिळांची. बाबा मोठ्यानं वाचतात, "त्रेसष्ट." मी म्हटलं, छत्तीस. ते म्हणाले, "मला दिसतंय ते त्रेसष्ट आहे." बघतो तर खरंच त्रेसष्ट! ४ आणि ० ठीक. २ आणि ५ कुठल्या लिपीतले कुणास ठाऊक. पण ३ चा ६ झालाय आणि ६ चा ३.

माझा ३ असा होता:

·●●●●···
●····●··
·····●··
··●●●···
·····●··
·····●··
●●●●●···
··●·····
···●●···

सोल्डरराव · मंगळवार, रात्री १२.४१

हाहाहाहा. आयुष्यभर एकमेकांकडे पाठ करून बसलेले छत्तीसचे आकडे तुम्ही समोरासमोर आणून बसवलेत! लग्नं जमवायला सुरुवात करा.

ठिपकेबहाद्दर · बुधवार, सकाळी ७.५०

डावा ठिपका १ धरलात ना? पहिली ओळ ०११११००० म्हणजे ६४ अधिक ३२ अधिक १६ अधिक ८, एकूण १२०. तुम्ही उजवीकडून मोजून ३० भरलेत. सगळी अक्षरं आरशात गेली. रोमन अक्षरांत ही चूक झाली तर लगेच ओरडते. मराठीत ३ आणि ६ एकमेकांची आरशातली रूपं असल्यानं तुमच्याकडे चूक सभ्य कपडे घालून आली. पैशाच्या कामात हे वाईट, बरं झालं बाबांनी पकडलं.

बटणवाला_दादर · बुधवार, रात्री १०.२०

बरोब्बर. नववीत गणिताला असंच व्हायचं माझं. सगळे बाइट उलटे भरले, आता छत्तीस छत्तीसच आहे.

पण नवीन भानगड. प्रॉम्प्टवर मराठी आकडे दिसतात, उधारीचा प्रोग्राम सुरू केला की पुन्हा इंग्रजी.

ठिपकेबहाद्दर · बुधवार, रात्री ११.०५

अपेक्षित होतं. तुमचा प्रोग्राम सुरू होताना पडद्याचा मोड नव्यानं लावत असणार, आणि मोड लावला की बायॉस इमानदारीनं रॉममधली अक्षरं परत भरतं. याला दोन वाटा. बायॉसच्या डेटा भागात एका तक्त्याचा पत्ता असतो. त्या तक्त्यात 'मोड लावशील तेव्हा माझी अक्षरं घे' असं सांगायची सोय आहे. शिस्तीचा मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे मेमरीत दबा धरून बसणारा टीएसआर. तारेवर आकडा टाकतात तसा इंटरप्ट १० वर आकडा टाकायचा. मोड बदलायची किंवा रॉमचा फॉन्ट भरायची विनंती आली की आधी बायॉसला ते करू द्यायचं आणि लगेच मागून आपले १६० बाइट भरायचे.

मी दुसरा लिहून ठेवलाय, एक केबीच्या आत आहे. व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. ऑटोएक्झेक.बॅटमध्ये (मशीन सुरू होताना आपोआप चालणारी फाइल) एक ओळ घाला.

जुनं_ते_सोनं · गुरुवार, सकाळी ९.१५

अवांतर: विंडोज ३.१ वाल्यांसाठी. तिथे मेनू आणि चौकटींचा फॉन्ट सिस्टिम.आयएनआयमधल्या बूट भागात लिहिलेला असतो, फॉन्ट्स.फॉन अशी ओळ. व्हीजीएसिस.फॉनच्या जागी ८५१४सिस.फॉन लिहिलं की अक्षरं दणदणीत मोठी होतात. आधी फाइलची प्रत ठेवा. नाव चुकलं तर विंडोज उठणार नाही, मग डॉसमधून दुरुस्त करत बसावं लागतं. मी बसलोय.

मंत्रालय_निवृत्त · गुरुवार, दुपारी १२.००

हा धागा वाचून जिस्ट कार्डाची आठवण आली. मूळ काम आयआयटी कानपूरचं, नंतर पुण्याच्या सी-डॅकनं (स्थापना १९८८) ते वाढवलं. कॉम्प्युटरच्या स्लॉटमध्ये हे कार्ड घातलं की डीबेससारख्या साध्या डॉस प्रोग्रामांत देवनागरी दिसायची. प्रोग्रामला पत्ता नसायचा. अक्षरांचे क्रमांक इस्की प्रमाणाचे, ते १९९१ साली भारतीय मानक झालं. जोडाक्षरं जुळवायचं काम कार्ड स्वतः करायचं. गंमत म्हणजे भारतीय लिप्यांना सामायिक क्रमांक असल्यानं तीच यादी गुजरातीत किंवा तमिळमध्ये फिरवून दाखवता यायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आख्खा विभाग टेबलाभोवती गोळा झाला होता.

पार्लेकरीणबाईंनी सांगितलेली युक्ती त्याचंच गरीब भावंड म्हणायची.

बटणवाला_दादर · शुक्रवार, रात्री १०.४५

टीएसआर चालला! प्रोग्राम उघडा, बंद करा, आकडे मराठीच. @ठिपकेबहाद्दर, दुकानात या, वाट्टेल तेवढी बटणं घेऊन जा.

आता लोभ सुटलाय. गिऱ्हाइकांची नावं 'शिंदे ब्लाउजवाल्या' अशी मराठीत दिसतील का? जिस्ट कार्ड आता कुठून आणू. आपलं आपण काढलं तर?

ठिपकेबहाद्दर · शनिवार, सकाळी ११.३०

इथे व्हीजीए आपली परीक्षा बघतं. नमुना ८ ठिपक्यांचा, पण पडद्यावर प्रत्येक अक्षराला ९ ठिपक्यांची जागा मिळते. ८० गुणिले ९ म्हणजे ७२०, म्हणून तो मोड ७२० बाय ४००. नववा ठिपका कोरा, रोमन अक्षरं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. आता आपली शिरोरेषा आठवा. दर अक्षरानंतर एक ठिपका तुटणार. 'शिंदे' लिहिलं तर चाळीच्या कठड्यासारखं दिसेल, मधले गज गायब.

आयबीएमला चौकटी काढायच्या होत्या, आडव्या रेघा सलग हव्या होत्या. म्हणून १९२ ते २२३ या ३२ अक्षरांपुरता अपवाद केला: तिथे आठवा ठिपका नवव्या जागी पुन्हा उमटतो. तेव्हा शिरोरेषा असलेली अक्षरं त्या ३२ खणांत बसवली तर रेघ जुळते. पण ३२ मध्ये मराठी बसवणं म्हणजे सहाच्या विरार फास्टमध्ये चौथी सीट मागणं. शिवाय तुमचा प्रोग्राम चौकटी काढत असेल तर त्यांच्या जागी क आणि ख उगवतील.

दुसरा उपाय: कार्डातल्या सीक्वेन्सर नावाच्या भागाच्या क्लॉकिंग मोड रजिस्टरमधला एक बिट लावून ८ ठिपक्यांच्या मोडमध्ये जायचं, घड्याळही त्याला साजेसं बदलायचं. पडदा ६४० बाय ४०० होतो, कोरा रकाना जातो आणि सगळ्याच शिरोरेषा सलग. ईजीएच्या रंगीत मोडला हा रोग नव्हताच, तिथे ८ म्हणजे ८.

तरी वेलांट्या, उकार, रफार, जोडाक्षरं राहतातच. ८ ठिपक्यांत 'क्ष' काढून दाखवा, मी चहा पाजतो. दोन संच एकत्र लावून ५१२ अक्षरं मिळतात, पण मग अक्षर ठळक करणारा बिट संच निवडण्यात खर्ची पडतो आणि अक्षरांचे रंग १६ वरून ८ वर येतात. शेवटचं म्हणजे तुमच्या फाइलीत नावं रोमन अक्षरांत आहेत, ती कुणीतरी नव्यानं टाइप करायला हवीत. आकड्यांचं नशीब चांगलं: शिरोरेषा नाही, मात्रा नाही, जोडणी नाही. तिथेच थांबा असं माझं मत.

पार्लेकरीण · शनिवार, दुपारी २.१०

८ बाय १६ मध्ये 'क्ष' जमतो हो. मी काढलाय. 'झ' मात्र नाही जमत, तो माशासारखा दिसतो.

क्लाउडकाका · शनिवार, दुपारी ३.००

भंगार म्हटलं ते शब्द मागे घेतो. पण मॉनिटर गेला तर काय? एलसीडी लावता येईल ना?

ठिपकेबहाद्दर · शनिवार, दुपारी ३.४०

लागतो, पण ७२० बाय ४०० ताणून स्वतःच्या मापात बसवताना एलसीडी अक्षरं पुसट करतो. शिवाय ७२० आणि ६४० चे सिग्नल बाहेरून सारखेच, म्हणून बरेच मॉनिटर रुंदी चुकीची धरतात. मग एक उभी रेघ जाड, शेजारची बारीक. या बाबांसाठी तरी डबा मॉनिटर जपा. आणि उघडू नका, बंद असला तरी आत जबरदस्त व्होल्टेज साठलेलं असतं.

बटणवाला_दादर · सोमवार, रात्री ९.५०

आजचा हिशेब. सकाळपासून बाबा एकटेच गल्ल्यावर. ६ आणि ८ वरून एकदाही हाक आली नाही. तारीखसुद्धा मराठी आकड्यांत येते, त्यावर विशेष खूश. चष्मा कपाळावर ठेवून बघत होते.

दोन तक्रारी आल्यात. एक, छापील बिलावर आकडे इंग्रजीच. @ठिपकेबहाद्दरनी फोनवर समजावलं की प्रिंटरची अक्षरं प्रिंटरच्या स्वतःच्या रॉममध्ये असतात, पडद्याशी त्यांचा संबंध नाही, आणि तिथेही वेगळी अक्षरं पाठवायची सोय आहे. बाबा म्हणाले बिल राहू दे, ते गिऱ्हाइकांसाठी आहे.

दुसरी तक्रार ९ ची. मी काढलेला ९ त्यांना पसंत नाही. "हा १ वाटतो. आणि नाहीतर हिंदी वाटतो." भिंतीवरचं कालनिर्णय काढून पडद्याशेजारी धरलं आणि २९ तारखेवर बोट ठेवलं. "असा पाहिजे. पोट आत, शेपूट खाली." मी १६ ओळींत तीनदा बसवून पाहिला. शेपूट आलं की पोट जातं.

पार्लेकरीण · सोमवार, रात्री १०.०५

पोट दुसऱ्या ओळीपासून सुरू करा, पाचवीपासून नको. वरची जागा तुम्ही वाया घालवताय. आणि शेपटाला शेवटच्या दोन ओळी द्या, खालच्या अक्षराला लागलं तरी चालेल.

बटणवाला_दादर · मंगळवार, सकाळी ७.३०

दुसऱ्या ओळीपासून सुरू केला. बाबांनी आंघोळीआधीच येऊन बघितला. म्हणाले, "हा ९." मग थोडं थांबून, "आता ५ कडे बघ जरा."